रुतलेले कण

मळ दोन प्रकारचा असतो. एक बसलेला आणि दुसरा रुतलेला. बसलेला मळ म्हणजे धूळ. ती वाऱ्याबरोबर येते, फडक्याबरोबर जाते, आणि उद्यां पुन्हां येणार हें ठाऊक असल्यामुळें घरांतील कोणी तिच्यावर फारसें रागावत नाहीं. रुतलेल्या मळाची गोष्ट निराळी. तो धुण्यानें जात नाहीं, पुसण्यानें जात नाहीं, आणि म्हणूनच मनुष्याला तो असह्य होतो. मग मनुष्य दोन गोष्टी करूं लागतो. हाताला सांपडेल तें घेऊन तो जोरानें घासतो, आणि हा मळ कोणामुळें आला याचा तो शोध करतो. दोन्ही गोष्टी घाईनें होतात, आणि घाईमुळें दोहोंतहि बहुधा नुकसान होतें. पहिलींत वस्तूचें आणि दुसरींत माणसाचें.

एवढें वाचून वाचकांना वाटेल कीं, मास्तर आतां नीतिपाठ देणार. तसा माझा बेत नाहीं. मी लिहिणार आहें तें मोटारीच्या रंगाविषयीं. आयुष्याचीं चौतीस वर्षें शब्दरूपें आणि धातुरूपें पाठ करून घेण्यांत घालविलेल्या माणसाला मोटारीच्या रंगांतलें काय कळणार, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच आहे. माझें बहुतेक ज्ञान उसनें आहे. आमचें कुटुंब एकत्र असून माझा पुतण्या रंगाच्या कारखान्यांत रसायनज्ञ आहे, आणि जेवतांना आपल्या धंद्याविषयीं बोलण्याची त्याला आवड आहे. गेल्या वर्षीं आमच्या सोसायटींत एक प्रकरण उपस्थित झालें नसतें, तर तें ज्ञान आमटी-भाताबरोबरच पोटांत गेलें असतें.

खरें पाहतां डाग काढण्याचें शास्त्र आपल्या घरांतील बायकांना पुरुषांपेक्षां फार अगोदर अवगत आहे. आमच्या मातोश्री पूजेचीं तांब्याचीं उपकरणीं चिंचेनें घाशीत. तांब्यावरचा काळपट थर चिंचेच्या आंबटपणांत विरघळतो, हें त्यांना रसायनशास्त्राच्या भाषेंत सांगतां आलें नसतें. पण चांदीच्या निरांजनाला त्यांनीं चिंच कधीं लावली नाहीं. हळदीचा डाग पडलेलें वस्त्र धुऊन त्या उन्हांत टाकीत, कारण हळदीचा रंग साबणाला दाद देत नसला तरी उन्हापुढें टिकत नाहीं. धोतराला डांबर लागलें तर रॉकेलचा बोळा, फणसाचा चीक लागला तर खोबरेल तेल. त्यांच्या शास्त्राचें सूत्र एकच होतें. डाग कशाचा आहे हें अगोदर विचारावयाचें, आणि औषध मागाहून शोधावयाचें. आम्ही मुलें डाग पाडून घरीं येत असूं, तेव्हां त्यांचा पहिला प्रश्न ‘कोणीं पाडला?’ असा नसे, ‘कशाचा आहे?’ असा असे.

आतां मोटारीकडे वळूं. मोटारीचा रंग म्हणजे पत्र्याला दिलेला एक जाडसर लेप, अशी आपली समजूत असते. ती एके काळीं बरीचशी खरी होती. आरंभींच्या मोटारींना सावकाश वाळणारें रोगण कुंच्यानें थरावर थर देऊन लावीत, आणि त्यांत कित्येक आठवडे जात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेंतील ड्यू पाँ कंपनीनें जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठीं ‘ड्युको’ नांवाचा रंग काढला. तो फवाऱ्यानें मारतां येई आणि कांहीं तासांत वाळे. आपल्याकडे लांकडी कपाटाला तुळतुळीत रंग देणारे कारागीर अजूनहि ‘ड्युको’ म्हणतात तो शब्द तिकडूनच आला. पुढें पुष्कळ वर्षें गाड्यांचा रंग एकजीव असे. कुर्ल्याच्या कारखान्यांत झालेल्या पद्मिनी मोटारी पुष्कळांना आठवत असतील. मुंबईच्या टॅक्सींतून त्या २०२३ सालीं कायमच्या निवृत्त झाल्या. अशा जुन्या गाडीचा रंग मळकट दिसूं लागला कीं मालक ‘रबिंग’ करावयास देई. कारागीर कंपाउंड लावून घाशी, फडक्यावर गाडीचा रंगच उतरे, आणि खालून नवा रंग चकाके. रंग जाडा होता, त्यामुळें हा दांडगेपणा त्याला सोसे.

आजच्या गाडीचा रंग तसा नाहीं. १९८० नंतरच्या दशकांत दोन थरांची पद्धत सर्वत्र पसरली. पत्र्यावर आधीं फॉस्फेटचा लेप, त्यावर विजेच्या प्रवाहानें बसविलेलें अस्तर, त्यावर आणखी एक अस्तर, त्यावर रंगाचा पातळ थर, आणि सर्वांच्या वर कांचेसारखा पारदर्शक थर, ज्याला कारखान्यांत ‘क्लिअर कोट’ म्हणतात. आपण गाडीला हात लावतों तेव्हां तो रंगाला लागत नाहीं, या पारदर्शक थराला लागतो. गाडीची झळाळी त्याची, आणि उन्हांतील जंबुपार किरणांपासून खालच्या रंगाचें रक्षण करणारीं द्रव्येंहि त्यांतच मिसळलेलीं. त्याची जाडी किती असावी? बहुतेक गाड्यांवर ४० ते ५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोक्याचा केंस साधारण ७० मायक्रॉनचा धरतात, म्हणजे केंसाहूनहि पातळ अशा पडद्यावर गाडीचें सारें तेज अवलंबून असतें. पत्र्यावरचे सगळे थर एकत्र केले तरी जाडी वहीच्या पानाइतकी किंवा त्याहून किंचित् अधिक भरते. पुतण्यानें हें सांगितलें तेव्हां घरांतील सर्वांचे घास हातांत राहिले, कारण दर दिवाळीला याच पडद्यावर आमच्याकडे काथ्याचा ब्रश चालत असे, आणि तो चालविणारा माझा बंधु समोरच बसला होता!

या पडद्यावर काय काय येऊन बसतें त्याची यादी लांब आहे. पांखरांची विष्ठा ही त्यांतील सर्वांत घाईची बाब. तिच्यांत यूरिक आम्ल असतें; उन्हानें तापलेला थर मऊ पडून पसरतो, निवतांना आंखडतो, आणि वाळलेल्या विष्ठेभोंवतीं आंखडतांना तेथें कायमची खूण उमटते. ती त्याच दिवशीं भिजवून अलगद उचलावी. दोन आठवड्यांनीं उचलल्यास विष्ठा जाते आणि खूण राहते. झाडाचा चीक आरंभीं मद्यार्काच्या बोळ्यानें निघतो. रस्त्याच्या डांबराचे काळे ठिपके दारांच्या खालच्या अंगाला सांपडतात; त्यांना रॉकेलसारखें तैलद्रव्य लागतें. आपल्या दख्खनच्या काळ्या खडकांतील बोअरचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. तें गाडीवरच वाळूं दिलें तर क्षारांचीं पांढरीं वर्तुळें राहतात. तीं पाणी मिसळलेल्या व्हिनेगारनें निघतात, परंतु नंतर स्वच्छ पाण्यानें धुवावें लागतें. शेजारीं कोणी फवाऱ्यानें रंग मारीत असेल तर त्याचा तुषार येऊन बसतो. आणि शेवटीं लोखंड.

लोखंडाचा कण इतरांपेक्षां निराळा आहे, कारण तो येतो तोच तापलेला असतो. मोटारीचा ब्रेक दाबला कीं त्यांतील ओतीव लोखंडाची तबकडी झिजते, आणि तिचे बारीक कण उडून चाकांवर व मागच्या अंगावर बसतात. आगगाडीच्या रुळांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरहि असेच कण बसतात. ग्राइंडरनें लोखंड कापतांना उडणारी ठिणगी म्हणजे तर पेटलेला लोखंडाचा कणच. तो पारदर्शक थरावर पडला कीं तेवढी जागा वितळवून आंत घर करतो. पहिल्या दिवशीं तो दिसतहि नाहीं. मग त्याला पाणी लागतें आणि तो गंजतो. गंज मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. त्यामुळें कण फुगतो, थराला आंतून रेटतो, आणि पांढऱ्या गाडीवर केशराच्या काडीच्या टोंकाएवढा नारिंगी ठिपका उमटतो. पाणी लागेपर्यंत तो गुप्त असतो आणि पाणी लागल्यावर प्रकट होतो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. आमचें सारें प्रकरण तिच्यावरच फिरलें.

आमच्या सोसायटींत चौदा गाड्या आहेत. सहा इमारतीखालीं खांबांमध्यें उभ्या असतात आणि आठ पश्चिमेच्या कुंपणालगत उघड्यावर. त्या पुसण्याचें काम अकरा वर्षें एकच गृहस्थ करीत आहेत. लहानथोर सर्व त्यांना मामा म्हणतात. पहांटे साडेपांचाला ते येतात, रोज ओल्या फडक्यानें गाड्या पुसतात आणि आठवड्यांतून एकदां धुतात. गेल्या वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस, गाड्या धुतल्याच्या दुसऱ्या दिवशीं, उघड्यावरच्या दोन पांढऱ्या गाड्यांवर नारिंगी ठिपके दिसले. पुढच्या धुण्यानंतर ते वाढले. जूनचा पहिला पाऊस पडला आणि टप, बॉनेट, कांचा, सर्वत्र जणूं केशर शिंपडल्यासारखें झालें.

ज्यांची गाडी सर्वांत नवी होती ते गृहस्थ संतापले, आणि नव्या गाडीची हळहळ मला समजूं शकते. त्यांचें म्हणणें असें कीं, मामा कसलें तरी गंजकें पाणी वापरतात, किंवा भांडीं घासण्याची लोखंडी जाळी फिरवतात. पुरावा काय, तर मामा गाडी धुतात आणि दुसऱ्या दिवशीं ठिपके येतात! हा पुरावा ऐकणाऱ्याला पटण्याजोगा होता, कारण त्यांत खोटें कांहीं नव्हतें. त्यांनीं मामांचे त्या महिन्याचे पैसे अडकवून ठेवले. रविवारच्या बैठकींत मामांना काढून एखाद्या एजन्सीचा माणूस ठेवावा असा विषय निघाला. मामा दारापाशीं उभे होते. ते एवढेंच म्हणाले, “मी बादलींत सोसायटीच्या नळाचंच पाणी घेतों. जाळी माझ्याकडे नाहीं. पिशवी पाहा पाहिजे तर.” त्यांनीं पिशवी पुढें केली. कोणीं ती पाहिली नाहीं, आणि पाहण्याची गरज नाहीं असेंहि कोणीं म्हटलें नाहीं. साठीच्या माणसाला बारा जणांसमोर आपली पिशवी उघडून दाखवावी लागणें ही गोष्ट मला त्या ठिपक्यांहून अधिक खुपली.

आमच्या जुन्या नैयायिकांनीं कार्यकारणभाव ओळखण्याची एक कसोटी सांगून ठेवली आहे. तिला अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. जेथें कारण तेथें कार्य दिसलें पाहिजे, आणि जेथें कारण नाहीं तेथें कार्यहि दिसतां कामा नये. केवळ एकामागून दुसरें घडलें एवढ्यावरून नातें जोडणें याला काकतालीय म्हणतात. कावळा बसावयास आणि ताडफळ पडावयास एकच गांठ पडली, म्हणून फळ कावळ्यानें पाडलें असें होत नाहीं. हीं उदाहरणें वर्गांत शेंकडों वेळां फळ्यावर लिहिलीं होतीं. मीं बैठकींत आठ दिवसांचा अवधि मागितला, आणि तो मिळाला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी वही घेऊन चौदाहि गाड्या पाहून आलों. खांबांमधल्या सहाहि गाड्या मामाच धुतात, त्याच बादलीनें आणि त्याच फडक्यानें. त्यांतील एकीच्याहि टपावर ठिपका नव्हता. उघड्यावरच्या आठहि गाड्यांवर ठिपके होते. पांढऱ्यांवर उठून दिसत, काळ्या व निळ्या गाड्यांवर हात फिरवल्यावर कळत. त्या आठांत एक गाडी अशी होती, जिचे मालक मुलाकडे परदेशीं गेलेले. पांच महिने तिला मामांचा काय, कोणाचाच हात लागला नव्हता, आणि धुळीखालीं तिचा टप तितकाच खरखरीत होता. ठिपके कांचांवर होते, पंपाच्या झांकणावर होते, कुंपणावरच्या प्लास्टिकच्या नळावरहि होते. मामा नळ पुसत नाहींत. पश्चिमेच्या अंगाला ते अधिक होते आणि पूर्वेच्या अंगाला विरळ. पश्चिमेला शेजारच्या मोकळ्या जागेवर नवी इमारत उभी राहत होती, आणि मे महिनाभर तेथें तिसऱ्या मजल्यावर गॅलऱ्यांचे गज ग्राइंडरनें कापले जात होते. उन्हाळ्यांत पुण्याचा दुपारचा वारा कोणीकडून वाहतो हें पुणेकरांना सांगावयास नको.

अनुमान तयार झालें; प्रत्यक्ष उरलें. तें पुतण्यानें पुरविलें. पुढच्या रविवारीं तो लोखंड विरघळविणाऱ्या द्रवाची एक बाटली घेऊन आला. त्यांत थायोग्लायकोलेट नांवाचें द्रव्य असतें. याच कुळांतलें द्रव्य केंस कुरळे करण्याच्या औषधांतहि घालतात. लोखंडाशीं त्याचा संयोग झाला कीं जांभळा रंग उमटतो. सर्व मंडळी जमल्यावर त्यानें तीन गाड्यांवर तें फवारलें. त्या नव्या पांढऱ्या गाडीवर, परदेशीं गेलेल्या गृहस्थांच्या गाडीवर, आणि खांबांमधल्या आमच्या गाडीवर. दोन-तीन मिनिटांत पहिल्या दोन गाड्यांच्या टपांवरून जांभळे ओघळ वाहूं लागले. आमच्या गाडीचा टप कोरडा ठणठणीत पांढरा राहिला. लहान मुलांनीं टाळ्या पिटल्या. नव्या गाडीचे गृहस्थ मात्र सहजासहजीं हार जाणारे नव्हते. त्यांनीं आमच्या गाडीच्या चाकाकडे बोट दाखवून विचारलें, “मग इथें जांभळं कसं झालं?” प्रश्न चांगला होता. पुतण्या म्हणाला, “चाकाशीं ब्रेक असतो, काका. ब्रेकचं लोखंड चाकावर बसतं. तें टपावर चढत नाहीं. टपावर जें येतं तें वरून येतं.” यावर ते कांहीं बोलले नाहींत. पण तिसऱ्या मजल्याकडे त्यांनीं मान वर करून पाहिलें.

मामांनीं गाडी धुतली म्हणून ठिपके दिसले, हें अक्षरशः खरें होतें. त्यांच्या पाण्यानें ते केले नव्हते, दाखविले होते. घरांत, शाळेंत, कचेरींत किती वेळां असें होत असेल, कीं जो दोष दाखवितो त्याच्याच माथीं तो बसतो!

आतां ठिपके काढावयाचे कसे हें सांगितलें पाहिजे. कारण दोषी कोण हें ठरल्यानें रंग स्वच्छ होत नाहीं. पुतण्यानें दिलेला क्रम मीं वहींत उतरून घेतला तो असा. गाडी सांवलींत उभी करावी आणि पत्रा हाताला गार लागेपर्यंत थांबावें. प्रथम भरपूर पाण्यानें आणि गाडीच्या शॅम्पूनें धुऊन बसलेली धूळ काढावी. नाहीं तर पुढच्या प्रत्येक कृतींत तीच धूळ वाळूसारखी घासली जाते. मग जेथें ठिपके आहेत तेथें लोखंडाचा द्रव फवारावा. हातांत रबरी मोजे असावे आणि जागा मोकळी असावी, कारण त्याला कुजल्यासारखा उग्र वास येतो. तीन ते पांच मिनिटें थांबावें. तो वाळूं मात्र देऊं नये. मग भरपूर पाण्यानें धुवावें. बहुतेक कण येथेंच जातात, आणि थराला एक ओरखडाहि पडत नाहीं, कारण आपण घासलेलें कांहींच नसतें.

यानंतर उरलेले हट्टी कण शोधावयाचे. तळहातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवावी आणि ओल्या पत्र्यावरून अलगद फिरवावी. उघड्या बोटांना जें गुळगुळीत वाटलें तें पिशवींतून खरखरीत लागतें. आमच्या सूनबाईंना ही युक्ति फार आवडली. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा तांदूळ ताटांत पसरून बोटांनीं चांचपला कीं खडा सांपडतो, तसेंच हें, असें त्या म्हणाल्या.

या उरलेल्या कणांसाठीं एक वडी मिळते, तिला ‘क्ले’ म्हणजे माती म्हणतात. ती कुंभाराची माती नव्हे. रबरासारख्या चिवट द्रव्यांत अत्यंत बारीक घर्षक पूड मळून ती केलेली असते. तिचें श्रेय जपानकडे जातें. तादाओ कोदाते या गृहस्थांना १९९५ सालीं अमेरिकेंत तिचें पेटंट मिळालें, आणि त्या पेटंटांत तिचें नांव ‘लवचिक शाण’ अशा अर्थाचें आहे. हें नांव ऐकून मला फार आनंद झाला. शाण म्हणजे धार लावण्याचा किंवा रत्न घासण्याचा दगड. चंदन उगाळण्याची आपली सहाण ती हीच. दगड कठीण असतो आणि ज्याच्यावर घासाल त्याला आपल्या आकाराप्रमाणें झिजवतो. हा शाण मऊ असल्यामुळें पत्र्याच्या वळणाप्रमाणें स्वतः वळतो. सपाट जागेवरून तो पाण्याच्या पापुद्र्यावर तरंगत जातो, आणि जेथें कण वर डोकावतो तेथेंच अडतो आणि त्याला धरून उपटतो.

मात्र पाण्याचा पापुद्रा सतत हवा. पाण्यांत शॅम्पूचे चार थेंब टाकून तें पत्र्यावर आणि वडीवर दोन्हीकडे फवारावें. वडी बोटांनीं चपटी करून पुरणाच्या उंड्याएवढी करावी, आणि दोन फूट लांबी-रुंदीची जागा घेऊन सरळ रेषेंत, अलगद, पुढें-मागें फिरवावी. गोल फिरवूं नये, दाबूं नये. आरंभीं ती अडखळते आणि खरखर ऐकूं येते. हळूहळू आवाज कमी होतो, आणि ज्या क्षणीं ती निःशब्द घसरूं लागते त्या क्षणीं त्या जागेचें काम संपलें असें समजावें. मग वडी उलटून पाहावी. तिच्यावर काळे-तांबूस ठिपके दिसतात. ती दुमडून, मळून, आंतला स्वच्छ भाग बाहेर आणावा. एकदां जमिनीवर पडलेली वडी, मग ती कितीहि महाग असो, टाकून द्यावी. तिला लागलेला वाळूचा एक कण साऱ्या गाडीभर रेघा ओढील.

वडीनेंहि थोडी बारीक झीज होतेच. म्हणून ती वर्षांतून एक-दोनदां, आणि तीहि खरखर लागली तरच वापरावी. हौसेनें दरमहा वापरूं नये. तिच्यानंतर थर उघडा पडलेला असतो, म्हणून त्यावर मेणाचा किंवा तत्सम हात अवश्य द्यावा, म्हणजे पुढचा कण लवकर रुतत नाहीं. आणि पांखराच्या विष्ठेनें उमटलेली खूण वडीनें जाईल ही आशा करूं नये. तेथें उपटावयास कांहीं उरलेलें नसतें. थरच खचलेला असतो. वैद्यकांत शोधन आणि शमन असे चिकित्सेचे दोन भेद करतात. येथें शोधन संपतें. पुढें पॉलिश करणाऱ्या जाणत्या माणसाकडे जावें, किंवा ती खूण तशीच राहूं द्यावी. केंसाहून पातळ थरांतून किती काढावयाचें याला सीमा आहे, आणि एकदां काढलेला थर परत येत नाहीं.

त्या रविवारीं आणि पुढच्या रविवारीं मिळून आठहि गाड्या स्वच्छ झाल्या. पुतण्यानें दाखविलें आणि मामांनीं केलें. दुसऱ्या गाडीपासून मामांचा हात पुतण्याच्या हाताहून हलका चालूं लागला. वडी अडखळूं लागली कीं ते मनुष्याशीं बोलल्यासारखें “थांब, थांब” म्हणत आणि जोर न लावतां पाणी वाढवीत. शेजारच्या ठेकेदाराला सोसायटीनें पत्र दिलें. त्यानें कुंपणाच्या बाजूला पत्रे उभे केले आणि गज कापण्याचें काम पलीकडच्या अंगाला नेलें; खर्च द्यावयास मात्र तो तयार झाला नाहीं. बाटल्यांचा आणि वड्यांचा खर्च आठ जणांनीं वांटून घेतला.

अडकवून ठेवलेले पैसे मामांना मिळाले. ते देतांना त्या गृहस्थांनीं “गैरसमज झाला” असें म्हटलें. आपल्या मध्यमवर्गांत एवढें म्हणणें म्हणजेहि पुष्कळ होय. मामांनीं नोटा मोजल्या, खिशांत घातल्या आणि बादली उचलली. एजन्सीचा विषय पुन्हां निघाला नाहीं. कामांत मामांनीं कांहीं फरक केलेला नाहीं. त्या गाडीवरहि ते तितकीच मेहनत घेतात. एवढेंच कीं, पूर्वी ते पश्चिमेच्या कोपऱ्यांतून आरंभ करीत, म्हणजे ती गाडी पहिली येई. आतां ते दुसऱ्या टोंकाकडून आरंभ करतात, आणि ती शेवटीं येते. या गोष्टीला एक वर्ष होऊन गेलें. मीं त्यांना कारण विचारलें नाहीं, आणि विचारणारहि नाहीं.

गाडीवर हात फिरविण्याची संवय मात्र मला लागली आहे. महिन्यांतून एकदां पिशवी हातावर चढवून मी टपावरून आणि बॉनेटवरून हात फिरवितों, आणि धाकटी नात बरोबर असते. परवां तिला कोठेंसें खरखर लागलें. तिनें लगेच नखानें टोकरावयास सुरुवात केली नाहीं, माझ्याकडे वळून तिनें विचारलें, “आजोबा, हें कशाचं असेल?” मातोश्रींचा प्रश्न चौथ्या पिढींत उतरलेला ऐकून बरें वाटलें. तो आंब्याच्या मोहराचा चीक होता. कोमट पाण्याच्या फडक्यानें निघाला.